मराठीत आहे, कोण वाचणार

अमेरिकेत, नेपरव्हिलला राहायला आल्यापासून आम्हां मराठी माणसांना एक वाईट सवय लागली आहे. चारचौघांत मोठ्याने बोलायची. दुकानात बिलाच्या रांगेत उभं राहून पुढच्या बाईच्या केसांबद्दल, डॉक्टरकडे बाहेर बसून समोरच्याच्या दुखण्याबद्दल, शिकागोच्या ट्रेनमध्ये शेजाऱ्याच्या डब्याच्या वासाबद्दल. सगळं मराठीत, म्हणून बिनधास्त. मराठी म्हणजे आपली खोली आणि तिचं दार आतून लावलेलं, असं आम्ही धरूनच चालतो. यात मी सगळ्यांच्या पुढे. माझी जीभ मुळातच तिखट, त्यात मी नागपूरची. एकदा ट्रेनमध्ये एका गृहस्थांच्या पोटाबद्दल मैत्रिणीला काहीतरी म्हणाले, आणि उतरताना ते गृहस्थ माझ्याकडे बघून "येतो हं, ताई" म्हणाले. आम्ही आठवडाभर हसत होतो. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

या सवयीपायी एका मुलीचं शाळेचं वर्ष गेलं. मी घालवलं.

झालं ते असं. माझी ही मैत्रीण, मूळची मुंबईची, नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं आफ्रिकेतल्या एका देशात राहून आली होती. देशाचं आणि गावाचं नाव मी इथे देणार नाही. तिथे मुलींचं एक वसतिगृह होतं. आसपासच्या खेड्यांतल्या, घरी कुणी कमावतं नसलेल्या मुली तिथे राहून गावातल्या शाळेत जायच्या. मैत्रीण तिथे शिकवायला जायची आणि त्या मुलींमध्ये इतकी गुंतली, की इथे आल्यावरही तिला चैन पडेना. तिने आमच्या मराठी मंडळातली आठ कुटुंबं गोळा केली आणि काम सुरू केलं. वह्या, गणवेश, फिया, पावसाळ्याआधी छपराची दुरुस्ती, कुणाच्या आजीचं औषधपाणी. काम चांगलं होतं, आणि आजही चांगलं आहे. पुढचं वाचून कुणी त्या कामाला नाव ठेवू नये.

आमच्या पद्धतीने आम्ही त्याला मराठी रूप दिलं. संक्रांतीचं हळदीकुंकू असतंच. बाहेर गुडघाभर बर्फ, आत शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये काळ्या साड्या. दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि चहाच्या गाळण्या वाटून सगळ्या कंटाळल्या होत्या. तेव्हा कुणीतरी सुचवलं, की वाण म्हणून एकेक मुलगीच देऊ. म्हणजे पोस्टकार्डाएवढं प्लास्टिकमध्ये मढवलेलं कार्ड, त्यावर मुलीचा फोटो, पहिलं नाव, वय आणि मोठेपणी काय व्हायचंय ते. ज्या बाईच्या हातात जे कार्ड पडेल तिने त्या मुलीचं वर्षभर बघायचं. कल्पना सगळ्यांना फार आवडली, मलाही. तिळगुळाबरोबर ती कार्डं वाटली गेली आणि बायका एकमेकींना विचारू लागल्या, "माझी नर्स होणार म्हणतेय, तुझी कोण?" आता ते आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा मी फोटो काढत होते.

माझ्याकडे मात्र कार्ड आलं नाही, काम आलं. दर शनिवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, मी व्हिडिओवर त्या मुलींचा इंग्रजी वाचनाचा तास घ्यायचे. पाच-सहा मुली एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसायच्या. त्यात एक सतरा वर्षांची होती. उंच, जरा आढ्यतेने बसणारी, माझे उच्चार दुरुस्त करणारी. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, कारण ती मला घाबरत नव्हती. शाळेची शेवटची मोठी परीक्षा वर्षभरावर आली होती, आणि ती पहिल्या तिनात येईल असं वसतिगृहाच्या मॅडम म्हणायच्या. पुढचं सगळं शिक्षण त्या एका परीक्षेवर होतं.

एका शनिवारी बाकीच्या मुली जेवणाची घंटा झाली म्हणून पळाल्या आणि ती एकटी बसून राहिली. त्या आठवड्यात माझ्या आईचं वर्षश्राद्ध होतं आणि मी ते तासाला बोलता बोलता सांगितलं होतं. तिने तिच्या आईचं सांगायला सुरुवात केली. काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. वसतिगृहात हे फक्त मॅडमना माहीत होतं. शाळेत कुणालाच नाही. "मी शाळेत सांगितलेलं नाही, आंटी," असं ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, "बाळा, माझ्यापाशी ते सुरक्षित आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे खरं आहे. आणि ते गालावर यायच्या आत माझ्या डोक्यात लेखाचं पहिलं वाक्य तयार झालं होतं, हेही खरं आहे.

मी मंडळाची लेखिका. दिवसा एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, आणि वर्षातून एकदा मंडळाच्या दिवाळी अंकात लिहिते. अंक आता छापत नाहीत, वेबसाइटवर टाकतात आणि त्याची पीडीएफ गावभर जाते. माझ्या लेखाची लोक वाट बघतात, असं मला वाटतं. दोघीतिघींनी तसं सांगितलंही आहे. त्या वर्षी मी त्या मुलीवर लिहिलं. तिचं पहिलं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आईचं सगळं लिहिलं. नाव बदलावं असं मनातसुद्धा आलं नाही. खऱ्या नावाला वजन असतं, अशी माझी त्या वेळची अक्कल. अंकाच्या संपादकांनी कार्डावरचा फोटो काढून लेखाच्या डोक्यावर लावला.

मैत्रिणीने लेख आधी वाचला होता. ती म्हणाली, "सॉलिड झालाय गं. पण तिला विचारलंस का?"

"अगं, मराठीत आहे," मी म्हटलं. "तिथे कोण वाचणार?"

"ते पण आहेच," ती म्हणाली. आणि आम्ही दोघी दिवाळीच्या चकल्यांचं बोलू लागलो.

लेख गाजला. आयसेलिनहून एका काकूंचा फोन आला, त्यांना बोलताच येईना, नुसत्या हुंदके देत होत्या. प्लेनोच्या माझ्या नणंदेने तो तिच्या भिशीत मोठ्याने वाचून दाखवला. मंडळाचे अध्यक्ष, पुण्याचे, सहसा कुणाचं कौतुक न करणारे, म्हणाले, "यंदाच्या अंकाची लाज तुम्ही राखलीत." कितीतरी नवी कुटुंबं कामाला जोडली गेली. मी महिनाभर हवेत होते. दर शनिवारी ती मुलगी समोर बसून माझे उच्चार दुरुस्त करत होती, आणि मला एकदाही असं वाटलं नाही, की हिला सांगावं.

मग संक्रांतीच्या सुमारास आमच्यातल्या कुणीतरी उत्साहाने लेखाचा दुवा वसतिगृहाच्या फेसबुक पानावर टाकला. खाली जोडलेल्या हातांचं चिन्ह.

दोन शनिवार ती तासाला आली नाही. बाकीच्या मुली म्हणाल्या, तिला सर्दी झालीय. तिसऱ्या शनिवारी मुलीच आल्या नाहीत, मॅडम एकट्याच पडद्यावर आल्या. पन्नाशीची, एरवी हसरी बाई. त्या दिवशी त्यांनी नमस्कारही केला नाही. "ती आजीकडे निघून गेली आहे," त्या म्हणाल्या. "शाळेत सगळ्यांनी वाचलं. मुलींनी फळ्यावर लिहून ठेवलं. ती परत यायला तयार नाही. परीक्षा चार महिन्यांवर आली आहे."

मी काय म्हणाले ते सांगते, कारण ते माझ्या तोंडून गेलेलं आहे. मी म्हणाले, "पण ते तर मराठीत आहे."

त्यावर बोलली ती माझी मुलगी. ती स्वयंपाकघरात टोस्ट करत होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती फोन घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "आई, इट्स लिटरली वन बटण," ती म्हणाली, आणि तिने माझा लेख उघडून ते बटण दाबलं.

माझा लेख डोळ्यांदेखत इंग्रजी झाला. मनात एक आशा होती, की ते भाषांतर भोंगळ असेल, त्यातून कुणाला काही कळलं नसेल, पोरींनी काहीतरी भलताच अर्थ लावला असेल. मी खाली खाली वाचत गेले. एक चूक नव्हती. माझी सगळी नटवी वाक्यं गळून पडली होती, आणि उरलं होतं ते नुसतं सरळ, स्वच्छ इंग्रजीत: या मुलीच्या आईचं असं असं झालं. वर तिचा हसरा फोटो. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यासाठी मला पगार मिळतो आणि माझ्याच लेखातली ही चूक मला चार महिन्यांत दिसली नव्हती.

मी अध्यक्षांना फोन केला आणि लेख काढा म्हटलं. ते म्हणाले, "अहो, असं तडकाफडकी कसं? वेबसाइटवरचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख आहे. हवं तर नाव काढू, फोटो ब्लर करू. इतक्या लोकांना तो भिडला, त्याचाही विचार करायला हवा ना?"

"तिला भिडला त्याचा विचार कुणी करायचा?" मी ओरडलेच. नंतर त्यांना बरंच बोलले, ज्यातलं निम्मं मला स्वतःला बोलायचं होतं. संध्याकाळपर्यंत लेख निघाला.

पण पीडीएफ कशी निघणार? ती डॅलसपासून सॅन होजेपर्यंत पोचली होती. मी सगळ्या ग्रुपांवर लिहिलं, की कृपया तो लेख डिलीट करा, पुढे पाठवू नका. त्यावर अर्ध्यांनी हात जोडले आणि अर्ध्यांनी विचारलं, "का? काय झालं?" ज्यांनी आजवर वाचला नव्हता त्यांनी तो त्या दिवशी शोधून वाचला. नणंद म्हणाली, "वहिनी, एवढं सुंदर लिहिलंयस, कशाला मागे घेतेस?" मला तिचा राग आला, मग लक्षात आलं, दिवाळीत हेच ऐकून मी फुलून आले होते.

त्या दिवसांत मला धड झोप नव्हती की जेवण नव्हतं. अपराधी वाटत होतं असं म्हणणं फार सभ्य झालं. मला भीती वाटत होती. एका मुलीने परीक्षा दिली नाही तर तिथे तिच्यापुढे काय उरतं हे मीच माझ्या लेखात दोन परिच्छेद खर्चून लिहिलं होतं. मैत्रीण माझ्याशी कमी बोलू लागली होती. मी तिच्यावर चिडले होते, की तू वाचला होतास ना आधी? ती माझ्यावर चिडली होती, की सांगितलं कुणी होतं तुला? आमच्या आठ कुटुंबांत कुणी उघड बोलत नव्हतं, आणि तरी सगळे तेच बोलत होते.

मॅडमनी खूप खटपट केली. बस बदलत त्या आजीच्या गावी गेल्या आणि तिथून त्यांच्या फोनवरून आमचं बोलणं झालं. मागे मातीची भिंत, कोंबड्यांचा आवाज, आणि पडद्यावर ती. केस अगदी बारीक कापलेले. मी चार दिवस घोकून ठेवलेली माफी म्हणायला सुरुवात केली. तिने मला मध्येच थांबवलं.

"आंटी, मला ते वाचून दाखवा," ती म्हणाली. "तासाला वाचता तसं."

मी म्हटलं, "कशाला आता ते? काढून टाकलंय."

"मी फोनवर वाचलंय. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी वाचलं. समोर मराठी लेख ठेवून, मनातल्या मनात इंग्रजी करत. स्वतःचं लिखाण इतकं अश्लील वाटू शकतं याची मला कल्पना नव्हती. जिथे मी तिला बिचारी म्हटलं होतं तिथे मी भरभर पुढे वाचलं. जिथे तिच्या डोळ्यांचं वर्णन होतं तिथे ती माझ्याकडे त्याच डोळ्यांनी बघत होती. तिच्या आईबद्दल एक वाक्य होतं. त्यातला निम्मा भाग तिने सांगितलेला नव्हता, तो मी लावला होता, परिणाम साधावा म्हणून. ते वाक्य मी गाळलं आणि पुढे गेले.

"एक राहिलं," ती म्हणाली.

मी ते वाचलं.

"हे असं झालं नव्हतं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "आंटी, तुम्हाला मुलगी आहे ना?"

"आहे."

"तिच्यावर लिहिलंत कधी?"

माझी मुलगी तेव्हा घरीच होती, जिन्यावर बसून ऐकत होती. ती दीड वर्ष घरी का होती याची एक गोष्ट आहे. ती गोष्ट मी मंडळात कुणालाही कळू दिलेली नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. कुणी विचारलंच तर काय सांगायचं तेही आम्ही घरात ठरवून ठेवलं होतं. त्या खोट्याची मी इतक्या काळजीने निगा राखत होते, की एकदा मुलीच्या नावाचं औषध आणायलासुद्धा मुद्दाम लांबच्या दुकानात गेले होते. (हे एवढंही तिला विचारून लिहिते आहे.) मी म्हटलं, "नाही. तिच्यावर नाही लिहिलं."

"का?"

"ते तिचं आहे," मी म्हणाले. म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

ती रडली नाही, चिडली नाही. तिने मान हलवली, जसं तासाला मी एखादा शब्द अखेर बरोबर उच्चारला की हलवायची. मी घाईघाईने म्हटलं, "मी तुझ्या शाळेला पत्र लिहिते. हेडमास्तरांना सगळं समजावून लिहिते. मुलींनाही लिहिते."

"नको, आंटी," ती म्हणाली. "प्लीज, काही लिहू नका."

परीक्षा आली आणि गेली. ती बसली नाही. आमच्या कामातून तिला जे मिळत होतं तेही तिने मॅडमना सांगून बंद करायला लावलं. मी शनिवारचा तास सोडला. मुली नको म्हणाल्या नव्हत्या, पण लॅपटॉपसमोर त्या आता पूर्वीसारख्या बडबडत नव्हत्या. माझ्यासमोर तोंड उघडताना त्या शब्द निवडून बोलत होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. पुढच्या संक्रांतीला कार्डं वाटायची की नाही यावर मंडळात मोठी चर्चा झाली. शेवटी फोटो लहान करून वाटली. त्या हळदीकुंकवाला मी गेले नाही. पुढच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी विचारलं, "यंदा काय देताय?" मी सांडग्यांची कृती दिली. ती कुणी वाचली नसावी.

दीड वर्षाने मॅडमकडून कळलं, की ती दुसऱ्या गावी, आजीच्या भावाकडे राहून, दुसऱ्या शाळेतून परीक्षेला बसली. निकाल काय लागला ते मॅडमनी सांगितलं नाही. मी विचारणार होते, शब्द जिभेवर आले होते. गिळले.

त्यानंतर मी काय केलं हे वाचून लोक मला नावं ठेवतील, ठेवू देत. मला हे लिहायचं होतं. तिने नको म्हटलेलं असूनही हे माझ्या मानेवर बसलं होतं. या वेळी मी विचारलं. मॅडमच्या हाती तिला निरोप पाठवला, की मला झालेल्या प्रकाराबद्दल लिहायचं आहे, मराठीत, पण मराठी आता सगळे वाचतात हे मला माहीत आहे, तू नाही म्हणालीस तर लिहिणार नाही. सहा आठवडे काही आलं नाही. नाहीच म्हणालीय असं मी धरून चालले, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

मग तिचा मेसेज आला. इंग्रजीत, तीनच ओळी. त्यात प्रिय आंटी नव्हतं, खाली नाव नव्हतं.

"तुम्ही काय केलंत ते लिहा. माझ्या आईबद्दल एक शब्दही लिहू नका. आणि फोटो छापायचा असेल तर तुमचा छापा."

हा लेख पाठवताना मी माझा फोटो जोडते आहे. पासपोर्टसाठी काढलेला आहे, चांगला आलेला नाही, पण संपादकांनी तोच लावावा.